व्यासाचा वर्ग करा

नववीला वर्तुळाचे क्षेत्रफळ आले की आमचे गणिताचे सर सूत्राआधी मांड्यांचा, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्यांचा विषय काढायचे. जाडी सारखीच, एका ताटात बारा इंची दोन मांडे, दुसऱ्यात अठरा इंची एकच. जास्त कुणाला मिळालं? अख्खा वर्ग ओरडायचा, "दोनवाल्याला!" सर म्हणायचे, क्षेत्रफळाच्या सूत्रातला पाय (π) दोन्हीकडे आहे, तो कटला. व्यासांचे वर्ग करा. बारांचे दोन मिळून २८८, अठराचा ३२४. एकटा मोठा मांडा भारी!

याच सरांनी पाटणादेवीच्या सहलीत भास्कराचार्यांची ओळख करून दिली. त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या ग्रंथात पायची किंमत व्यवहारापुरती २२/७ आणि सूक्ष्म हवी तर ३९२७/१२५० दिली आहे. सरांनी तिथेच भागाकार करायला लावला: ३.१४१६. हे गणित आपल्या चाळीसगाव तालुक्यात शिकवलं जात होतं, याचा मला आजही फार अभिमान वाटतो.

आज मी यावल-रावेरकडे केळीच्या बागांना पाइपलाइन टाकून देतो. एका विहिरीवरून ६३ मिलिमीटर व्यासाची लाइन येते, दुसरीवरून ९० ची. दोन्हींचं पाणी पुढे एकाच लाइनीत न्यायचं. शेतकरी भाऊ विचारतात, "कितला पाइप लागी?" बरेच जण सरळ बेरीज करतात, १५३ येतात आणि १६० चा पाइप मागतात. मी वहीत वर्ग मांडून दाखवतो. ६३ चा ३९६९, ९० चा ८१००, बेरीज १२०६९. आणि ११० चा वर्ग १२१००. म्हणजे ११० चा पाइप पुरतो! काटकोनाच्या दोन बाजूंवर ते दोन व्यास धरले, तर कर्ण हाच मोठ्या पाइपचा व्यास. पायथागोरस शेतात इतका कामाला येतो, हे मुलांना कुणीतरी सांगायलाच हवं. उलट, एका मोठ्या पाइपऐवजी निम्म्या व्यासाच्या चार नळ्या टाकल्या, तर क्षेत्रफळ जुळतं, पण घर्षणामुळे पाणी कमीच येतं.

आमच्या शाळेच्या महोत्सवानिमित्त तिथल्या गणिताच्या कपाटासाठी ६३, ७५, ९० आणि ११० चे तुकडे देतो आहे. मुलांनो, पाइपावर छापलेला आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. आतला व्यास स्वतः मोजा आणि मग वर्ग करा.