दरवाजापर्यंत पोहोचताना

तुर्कमेनिस्तानातल्या दरवाजा गावाजवळचं जळतं विवर पाहायला जायचं तर तिकिटाआधी पत्र लागतं. तिथल्या प्रवास कंपनीने आपल्यासाठी अर्ज करायचा, सरकारने मंजूर केला की निमंत्रणपत्र येतं आणि ते दाखवून सीमेवर व्हिसा मिळतो. नकार आला तर कारण सांगत नाहीत. कागद पाठवून मी रोज मेल उघडत बसायचे. पाचव्या आठवड्यात पत्र आलं.

घोळ मीच घातला होता. जाणं-येणं दोन्ही उझबेकिस्तानातून, आणि तिथला ई-व्हिसा काढला सिंगल एंट्रीचा! ताश्कंदचं परतीचं विमान गाठताच आलं नसतं. निघायच्या आठ दिवस आधी लक्षात आलं, मग पुन्हा पैसे भरून डबल एंट्रीचा काढला.

उझबेकिस्तानातल्या खिव्याहून टॅक्सीने शावातचा सीमेवरचा नाका गाठला. व्हिसाची फी डॉलरमध्ये, रोख. माझी मधोमध दुमडलेली वीसची नोट साहेबांनी उजेडात धरली आणि परत केली. सामान तपासताना हिंगाची डबी उघडली, वास घेतला आणि मान झटकन मागे! बाहेर थांबलेल्या गाइडला आत बोलावून समजावावं लागलं. आपला बराचसा हिंग याच बाजूच्या देशांतून येतो, हे मात्र मी मनातच ठेवलं.

गाइड कायम सोबत असतो, तो नियमच आहे. कोन्ये-उर्गेंचला 60 मीटरचा कुतलुग तैमूर मिनार पाहिला, पण लक्षात राहिली ती शेजारची किर्क मोल्ला टेकडी. मूल व्हावं म्हणून बायका तिच्यावरून गडगडत खाली येतात. एक जण उठून ओढणीवरची धूळ झटकत हसत होती.

पुढे काराकुमचं वाळवंट. काराकुम म्हणजे काळी वाळू. रस्ता इतका खड्ड्यांचा की आपला घाट बरा. अंधार पडल्यावर दरवाजाचं विवर आलं, सुमारे 70 मीटर रुंद. 1971 मध्ये सोव्हिएत ड्रिलिंगच्या वेळी जमीन खचली आणि वायू पेटवून दिला, असं सांगतात. आग आता पूर्वीपेक्षा बरीच मंदावली आहे. फोटोंवरून आलेल्यांचा थोडा हिरमोड होतो. माझा नाही झाला. वारा फिरला की तोंडावर भट्टीची धग यायची आणि पाठ मात्र गारठलेली.

चहा ओतताना ड्रायव्हरकाकांनी तंबूच्या दाराकडे बोट करून विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?

"दरवाजा."

त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय.