12 पौंडांच्या कंपनीनंतर : आमची वाटचाल

2024 च्या एप्रिलपर्यंत ब्रिटनमध्ये ऑनलाइन कंपनी काढायची सरकारी फी होती 12 पौंड. नाव, पत्ता, डायरेक्टरची जन्मतारीख भरली की बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट हातात. तो डायरेक्टर खरोखर आहे का, दिलेल्या पत्त्यावर कोण राहतं, हे कुणी विचारत नसे. कार्डिफच्या कंपनीज हाउसचं, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाचं, काम एकच, आलेली माहिती नोंदवून घ्यायची. आमची छोटी अकाउंटन्सी फर्म याच व्यवस्थेत उभी राहिली आणि ती व्यवस्था बदलताना आम्हीही बदललो.

मी मूळची सांगलीची, माझी भागीदार लेस्टरमध्ये वाढलेली गुजराती. लंडनच्या हॅरोत औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही पाटी लावली. क्लायंट म्हणाल तर किराणा दुकानदार, आयटीतले कॉन्ट्रॅक्टर, दोन-तीन रेस्टॉरंटं, एक केअर होम. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम संपून चहा सुरू झाला की कुणी ना कुणी हळूच बाजूला घेऊन विचारायचं, "ताई, कंपनी काढायची आहे, किती दिवस लागतील?" सुरुवातीची कित्येक कामं अशीच आली.

मनी लाँडरिंगविरोधी नियम अकाउंटंटना आधीपासून लागू आहेत. त्यामुळे पासपोर्ट आणि घरच्या पत्त्याचा पुरावा आम्ही पहिल्या दिवसापासून मागत आलो. पण तोच माणूस घरी बसून थेट वेबसाइटवर फॉर्म भरू शकत होता, काहीही न दाखवता. "तुम्ही फारच चौकश्या करता" म्हणून निघून गेलेले क्लायंट मला आजही आठवतात. तेव्हा त्याचं वाईट वाटायचं, कारण महिनाअखेरचं भाडं समोर दिसत असायचं.

त्या मोकळ्या दाराचा त्रास कुणाला झाला, तेही आम्ही पाहिलं. आमच्या एका दुकानदार काकांच्या घरी अचानक भलत्याच कंपनीच्या नावानं पत्रं येऊ लागली. आधी टॅक्सखात्याची, मग वसुली एजंटांची. कुणीतरी त्यांच्या घराचा पत्ता रजिस्टर्ड ऑफिस, म्हणजे कंपनीचा अधिकृत पत्ता, म्हणून देऊन टाकला होता. काकू दारावरची बेल वाजली तरी दचकायच्या. पत्ता काढून टाकायला अर्ज, पुरावे, पाठपुरावा, असे महिने गेले. ही काही एकट्यादुकट्याची गोष्ट नव्हती. 2013 मध्ये एका व्यावसायिकानं तेव्हाचे उद्योगमंत्री व्हिन्स केबल यांनाच कागदोपत्री डायरेक्टर करून एक कंपनी नोंदवली होती. नोंदणी किती ढिली आहे हे त्याला दाखवून द्यायचं होतं. 2018 मध्ये शिक्षा झाली ती त्यालाच. ती बातमी वाचून माझी भागीदार दिवसभर अस्वस्थ होती.

26 ऑक्टोबर 2023 ला इकॉनॉमिक क्राइम अँड कॉर्पोरेट ट्रान्स्परन्सी अ‍ॅक्ट हा आर्थिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा मंजूर झाला. 4 मार्च 2024 पासून कंपनीज हाउसला माहितीवर शंका घ्यायचा आणि ती नाकारायचा अधिकार मिळाला. नुसता पोस्ट बॉक्स आता रजिस्टर्ड ऑफिस म्हणून चालत नाही, प्रत्येक कंपनीला ईमेल द्यावा लागतो, धंदा कायदेशीर असल्याचं लिहून द्यावं लागतं. 1 मे 2024 ला फी 12 वरून 50 पौंडांवर गेली आणि 1 फेब्रुवारी 2026 पासून ती 100 पौंड आहे. दरवर्षीचं कन्फर्मेशन स्टेटमेंट, म्हणजे कंपनीची नोंदलेली माहिती बरोबर असल्याचं निवेदन, 13 पौंडांत व्हायचं, आता 50 लागतात. महाग झालं अशी कुरकुर रोज ऐकू येते. माझं मत सरळ आहे. रजिस्टरवर पहारा हवा असेल तर पहारेकऱ्याचा पगार कुणीतरी द्यायलाच हवा, आणि कंपनीचं मर्यादित दायित्व, म्हणजे कंपनी बुडाली तरी तिचं कर्ज स्वतःच्या अंगावर न येण्याची सोय, वापरणाऱ्यानं तो दिला तर त्यात गैर काही नाही.

खरा बदल झाला तो 18 नोव्हेंबर 2025 ला. नव्या डायरेक्टरला आता आधी ओळख पटवावी लागते. जुन्या डायरेक्टरांना पुढच्या कन्फर्मेशन स्टेटमेंटपर्यंत मुदत. ओळख पटली की 11 अक्षर-अंकांचा पर्सनल कोड मिळतो. माणसाला कोड एकच, कंपन्या कितीही असोत. ज्यांची 25 टक्क्यांहून जास्त मालकी आहे त्या, म्हणजे पीएससी (पर्सन विथ सिग्निफिकंट कंट्रोल) मंडळींनाही हे बंधनकारक आहे. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचं काम सरकारी अ‍ॅपवर काही मिनिटांत होतं. अडतं ते आपल्या लोकांचं. अ‍ॅपला चिप असलेला पासपोर्ट लागतो आणि भारतात अजून बहुतेकांच्या हातात जुना, बिनचिपचा पासपोर्ट आहे.

अशांसाठी मार्ग म्हणजे अधिकृत एजंट, इथल्या भाषेत एसीएसपी. आम्ही 55 पौंड भरून नोंदणी केली, पण निर्णय सोपा नव्हता. दुसऱ्याची ओळख आम्ही प्रमाणित करायची, त्याचे कागद 7 वर्षं जपायचे, चूक झाली तर जबाब आम्ही द्यायचा. ओळखीतल्या एका फर्मनं हे काम घ्यायला साफ नकार दिला. आम्ही घेतलं, कारण कागदावरचं भारतीय नाव वाचायला इथे आमच्याइतकं सरावलेलं दुसरं कोण आहे?

पुण्याच्या एका उद्योजिका बाईंचं उदाहरण सांगते. भोसरीत त्यांचा वर्कशॉप आहे आणि कॉव्हेंट्रीजवळच्या एका टूलिंग कंपनीत 30 टक्के हिस्सा. त्या डायरेक्टर नाहीत, फक्त पीएससी. अशांनी कंपनीज हाउसला कोड कळवायची मुदत जन्ममहिन्याच्या पहिल्या 14 दिवसांत असते. त्यांचा महिना मार्च. फेब्रुवारीत व्हिडिओ कॉलवर कागद मांडून बसलो. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, कंपनीज हाउसच्या रजिस्टरवर मधलं नाव वडिलांचं, बँकेच्या कागदावर मधलं नावच गायब, आणि पहिल्या नावात एके ठिकाणी व्ही तर दुसरीकडे डब्ल्यू. "मॅडम, मी तीच आहे हो, आणखी काय सांगू?" त्या म्हणाल्या. त्या तीच होत्या यात मला शंका नव्हती, पण तसं लेखी सिद्ध व्हायला हवं होतं. लग्नाचं सर्टिफिकेट काढलं, पासपोर्ट आणि चेहरा सॉफ्टवेअरमधून तपासला, नावातल्या फरकाचं कारण सरळ शब्दांत लिहिलं. कोड आला तेव्हा मुदतीचे दिवस हाताशी शिल्लक होते.

त्याच बाईंना मिडलंड्समधल्या कंपोझिट, म्हणजे संमिश्र मटेरियल, बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत 26 टक्के हिस्सा घ्यायचा होता. मी म्हटलं, सही करू नका, आधी वकील गाठू. नॅशनल सिक्युरिटी अँड इन्व्हेस्टमेंट अ‍ॅक्ट 4 जानेवारी 2022 पासून लागू आहे. प्रगत मटेरियल, संरक्षण, एआय अशा 17 क्षेत्रांत 25 टक्क्यांवर हिस्सा जात असेल तर आधी सरकारला कळवून मंजुरी घ्यावी लागते. कंपनी किती लहान आहे याला महत्त्व नाही, खरेदीदार परदेशी असो की ब्रिटिश. मंजुरीविना केलेला सौदा कायद्यानं मुळातच रद्दबातल. पहिल्या तपासणीला कामाचे 30 दिवस धरावे लागतात. पैसे तयार असताना थांबायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण त्या थांबल्या आणि मंजुरी आली.

रोजच्या धंद्याला मात्र सगळ्यात जास्त झळ लागली ती पगारपत्रकातून. 6 एप्रिल 2025 पासून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे कामगाराच्या पगारावर मालकानं सरकारला भरायची रक्कम, 13.8 वरून 15 टक्के झाला आणि तो सुरू होण्याची पगारमर्यादा 9,100 वरून 5,000 पौंडांवर आली. त्याबरोबर एम्प्लॉयमेंट अलाउन्स, म्हणजे या रकमेतून मिळणारी वार्षिक सूट, 5,000 चा 10,500 झाला, ही गोष्ट बऱ्याच दुकानदारांच्या कानावरच नव्हती. वर्षाला 24,000 पौंड पगार धरा. चार कामगार असलेल्या दुकानाला पूर्वी साधारण 3,225 पौंड भरावे लागत, आता 900. त्याच पगाराचे वीस कामगार असलेल्या रेस्टॉरंटला पूर्वी 36,124, आता 46,500. दुकानदार हिशेब बघून खूश झाला. रेस्टॉरंटवाले दादा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे एक पोरगं कमी करावं लागणार." तो पोरगा मला माहीत आहे. शेवटी त्यांनी सोमवारचा दिवस बंद ठेवला आणि पोराला ठेवलं. असा सल्ला फॉर्ममध्ये कुठे भरता येत नाही, पण फर्म आमची त्यावरच चालते.

कंपनी काढून देण्याच्या कामातून आमची कमाई आता घटली आहे. शंका आली म्हणून काही कामं आम्ही परतही पाठवली. उलट ओळख पडताळणी, गुंतवणूकदारांची कागदपत्रं आणि पगाराचे हिशेब वाढले. 1 सप्टेंबर 2025 पासून फसवणूक रोखण्यात अपयश हा मोठ्या कंपन्यांसाठी गुन्हा झाला आहे, तेव्हापासून त्यांना माल पुरवणारे आमचे छोटे क्लायंटही लांबलचक प्रश्नावल्या घेऊन येतात. 6 एप्रिल 2026 पासून स्वतंत्र व्यवसाय आणि घरभाडं मिळून 50,000 पौंडांवर उलाढाल असलेल्यांना दर तिमाहीला डिजिटल हिशेब पाठवावा लागतो. एप्रिल 2027 पासून ही मर्यादा 30,000 वर येईल. वह्यांत हिशेब ठेवणाऱ्या मंडळींसाठी आम्ही शनिवारी ऑफिस उघडं ठेवतो.

सध्या मात्र पहिला नंबर जुन्या डायरेक्टरांचा. त्यांच्या पडताळणीची मुदत नोव्हेंबर 2026 मध्ये संपते आणि आमच्या यादीत अजून बरीच नावं उरली आहेत. कन्फर्मेशन स्टेटमेंटची तारीख जवळ येईपर्यंत थांबू नका. पासपोर्टच्या कव्हरवर चिपची खूण आहे का तेवढं बघा आणि नसेल तर फोन करा. येताना लग्नाचं सर्टिफिकेटही सोबत आणा.