सांगली ते दिल्ली: विमान सव्वादोन तासांचं, प्रवास दहा तासांचा

तिकिटावर पुणे–दिल्ली सव्वादोन तास लिहिलेलं असतं आणि सांगली-साताऱ्याकडचा माणूस तेवढ्यावरच बेत आखतो. फसगत तिथेच होते. दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण 1,155 किलोमीटर. वर गेल्यावर विमान ताशी 800च्या पुढे जातं, म्हणजे काम दीड तासाचं. पण तिकिटावरची वेळ विमान जागचं हलल्यापासून दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंतची असते. लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, रांगेत थांबणं, दिल्लीवर घिरट्या, उतरल्यावर जमिनीवरची रखडपट्टी, सगळं त्यात आलं. हा भाग सोपा आहे.

अवघड आहे तो रस्ता. सांगलीतून पेठ नाक्यामार्गे लोहगाव अडीचशे किलोमीटर. सकाळी 10 चं विमान असेल तर सामानाचा काउंटर बहुतेक कंपन्या 9 ला बंद करतात, म्हणून सव्वाआठला दारात हवं. त्यासाठी सांगली रात्री अडीचला, सातारा पहाटे साडेचारला सोडा. यात तडजोड नको. खंबाटकीचा बोगदा संपताच उतारावर एस आकाराचं वळण आहे. तिथे एक ट्रक कलंडला तरी तास गेला. आणि फास्टॅगमध्ये पैसे बघून निघा, नाहीतर तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर तिन्हीकडे जादा टोल.

पुण्यात शिरल्यावर विमानतळाकडे जाताना कात्रज–कोंढवा रस्ता मात्र दिवसा घेऊच नका. फोनमधला नकाशा तोच सुचवतो. पाण्याचे टँकर, काँक्रीटचे मिक्सर, मध्येच अरुंद होणारा रस्ता आणि खडी मशीन चौकात चारी बाजूंनी घुसलेल्या गाड्या. नकाशाने वीस मिनिटं दाखवलेली असतात, एक तास जातो. पहाटे सहाच्या आत पार करणार असाल तरच तिकडून जा. नाहीतर कापूरहोळला महामार्ग सोडून नारायणपूर, सासवड, दिवे घाट, हडपसर असं या. अंतर थोडं वाढतं, पण खेड शिवापूरचा टोलही वाचतो. माउलींची पालखी दिवे घाटात असेल त्या दिवशी हा रस्ता विसरा.

एसटीने येणाऱ्यांनी स्वारगेटला रिक्षावाल्याच्या तोंडी दराला मान डोलावू नये. खालीच मेट्रो आहे. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून रामवाडीला उतरा, तिथून विमानतळ जवळ आहे. पहिली मेट्रो सहाच्या सुमारास, त्यामुळे अगदी पहाटेच्या विमानाला ती उपयोगाची नाही.

पुण्याऐवजी कोल्हापूरहून उडालं तर? सांगलीहून तिथला उजळाईवाडी विमानतळ पन्नास किलोमीटरच्या आत, छोटा, रांग नाही. मुंबईला जायचं तर सांगलीकरांनी डोळे झाकून तिथूनच जावं. दिल्लीसाठी मुंबई, हैदराबाद किंवा बेंगळुरूला विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लांबलं, तर दुसऱ्याचे पैसे गेले. वारही तपासा, सगळी विमानं रोज नसतात.

दिल्लीत टर्मिनल 1 आणि 3 एकमेकांपासून बरेच लांब आहेत. परतीच्या तिकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय टॅक्सीत बसू नका. डिसेंबरअखेर ते जानेवारी धुक्यामुळे सकाळची विमानं तासन्‌तास अडकतात, तेव्हा दुपारचं घ्या. आणि शुक्रवारी संध्याकाळी पुण्यात उतरू नका: गावाकडे परतताना सुट्टीची गर्दी खंबाटकीच्या घाटात तुंबते.