खाणीतली सुरक्षा आणि खाणीतला मान

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली आणि १९७२ पासून तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. परिषदेचे मुख्यालय आमच्या सीबीडी बेलापूरमध्येच असल्यामुळे नवी मुंबईतील कारखान्यांत मार्च महिना शपथा, फलक आणि प्रश्नमंजूषांनी गजबजलेला असतो. मात्र ज्या दगडखाणींच्या खडीवर हे शहर उभे राहिले, त्यांच्या वाट्याला यातले फारसे काही आले नाही, याची मला मनापासून खंत वाटते. १९५२ च्या खाण कायद्यात बांधकामाच्या दगडाच्या लहान, उथळ खाणींना काही सवलती होत्या. परंतु सुरुंग वापरला की त्या सवलती संपत, म्हणजे पारसिक डोंगरात जिथे बार उडत होते तिथे हा कायदा लागूच होता.

सुरक्षा प्रशिक्षणाच्या कामात असल्यामुळे माझे मत असे झाले आहे की, खाणीत छापील सूचनेपेक्षा पथनाट्य अधिक पोहोचते. आमच्या एका प्रयोगात पावसानंतर कड्यावर पडलेली नवी भेग एका कामगाराला दिसते. पाणी खडकाच्या सांध्यांत मुरते, सुरुंगाच्या हादऱ्याने ते सांधे आणखी सुटतात, आणि म्हणून खाली काम सुरू करण्याआधी वरून सैल दगड पहारेने पाडून घ्यावे लागतात, हे त्याला पुरते ठाऊक असते. तो सांगायला जातो, तेव्हा मुकादम त्याला चारचौघांत शिवी देऊन परत पाठवतो. इथे आम्ही नाटक थांबवतो आणि आता काय करायचे, हे समोर बसलेल्यांनाच विचारतो.

भेगेवर लोक थोडकेच बोलतात. शिवीवर मात्र बोलणे थांबत नाही. ज्याचा रोज पाणउतारा होतो तो माणूस धोका दिसला तरी गप्प राहतो, हे तिथे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. एकदा खडी भरणाऱ्या एक मावशी उठून म्हणाल्या, “ताई, क्रशरमागं आडोशाला जावं लागतं, ते कुणाला सांगायचं?” त्यानंतरचा सगळा वेळ आम्ही त्याच प्रश्नाला दिला आणि आडोशाच्या गोष्टीवरून बोलणे बायकांच्या छळापर्यंत गेले. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, ही २०१३ च्या कायद्यातील तरतूद तिथल्या एकाही बाईने ऐकलेली नव्हती.

हा प्रश्न केवळ गरीब खाणींचा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात, जिथे यंत्रे आणि पैसा दोन्ही मुबलक आहेत, तिथल्या विधिमंडळाच्या समितीने २०२२ मध्ये खाणउद्योगातील स्त्रियांच्या लैंगिक छळावर गंभीर अहवाल दिला. त्याच वर्षी रिओ टिंटो कंपनीने स्वतःच करवून घेतलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी दमदाटी सोसल्याचे सांगितले.

म्हणूनच अशा कार्यक्रमात मालक आणि ठेकेदार व्यासपीठावर बसू नयेत, कामगारांसोबत खाली बसावेत आणि सर्वांत शेवटी बोलावेत, असा माझा आग्रह असतो. कार्यक्रम मजुरीच्या वेळेतच व्हावा. खाडा धरून किंवा कामाची पाळी संपल्यावर थांबवून घेतलेल्या कार्यक्रमाला माणसे येतात, पण बोलत नाहीत. शिवाय तो मार्चपुरता न राहता मे महिन्याच्या अखेरीस, कडे भिजण्याआधी, पुन्हा व्हावा आणि त्यात पुढे आलेल्या प्रत्येक तक्रारीचे काय झाले, हे त्याच कामगारांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे.