विहारात हातपाय ताणणं शोभतं का?

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात नवी माणसं येऊ लागली की हा प्रश्न ठरलेला. परवा एका दादांनी पुन्हा विचारलं, "ताई, ही वंदनेची, ध्यानाची जागा. इथे खांदे फिरवणं, पाय ताणणं शोभतं का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात सेख सुत्त आहे. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवं सभागृह बांधलं आणि पहिलं पाऊल ठेवायला बुद्धांना बोलावलं. रात्री बराच वेळ धम्म सांगून झाल्यावर बुद्ध आनंदांना म्हणाले, पुढचं तू सांग. 'पिट्ठि मे आगिलायति, तमहं आयमिस्सामि.' माझी पाठ दुखतेय, ती जरा ताणतो. मग संघाटी, म्हणजे भिक्खूंचं वरचं वस्त्र, चौपदरी अंथरून ते उजव्या कुशीवर पहुडले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. तथागतांची पाठ दुखत होती आणि ते त्यांनी सरळ बोलून दाखवलं!

आमच्या विहारातल्या बहुतेक बायांनी जन्मभर पाट्या उचलल्या, लोकांची धुणीभांडी केली. त्यांना एकदम मांडी घालून अर्धा तास बसवलं तर लक्ष श्वासावर कसं राहील? ते गुडघ्यातच अडकणार. म्हणून वंदना झाली की आधी पंधरा मिनिटं मान, खांदे, कंबर, घोटे. सगळं सावकाश, श्वास सोडत; दुखलं की तिथेच थांबायचं. मग आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासावर लक्ष ठेवणं.

एका मावशींचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आमच्या भिंतीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा फलक आहे, पहिली सगळ्यात वर. त्याच्या कडेने बोटांच्या टोकांनी भिंत चढायची, एवढंच त्यांना सांगितलं होतं. सुरुवातीला बोटं विसाव्या प्रतिज्ञेपाशी अडायची. तिथे त्या डोळे मिटून चार-पाच श्वास थांबायच्या, मग हळूच हात खाली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात त्या नवव्या प्रतिज्ञेपर्यंत पोचल्या. डॉक्टरांचं औषध चालूच होतं, ते बंद करायला आम्ही कुणालाच सांगत नाही. पण भिंतीपाशी उभ्या असताना त्यांचा चेहरा जितका शांत असायचा, तितका शांत चेहरा मी बैठकीत फार कमी जणांचा पाहिलाय.

आणि ध्यान तिथेच सुरू झालेलं असतं, असं मला मनापासून वाटतं. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजग राहण्याबद्दलच्या बुद्धांच्या उपदेशात, हात आखडताना आणि पसरतानाही जागं राहायला सांगितलंय: 'समिञ्जिते पसारिते सम्पजानकारी होति.' चालताना, उभं असताना, पडल्या पडल्यासुद्धा. ध्यान म्हणजे फक्त पद्मासन, हे आपल्या डोक्यात मूर्ती पाहून बसलंय.

तेव्हा दादा, रविवारी या. सहा वाजता वंदना असते. सतरंज्या आम्ही अंथरतो. खाली बसणं जमत नसेल तर मागे खुर्च्या आहेत, स्वतःहून ओढून घ्या. सैल कपडे घाला, आणि चहा-बिस्किटांपलीकडे काही खाऊन येऊ नका.