छत्तीस छातीचा स्वेटर आणि बाईंची मापवही

आमच्या वेळी शाळेत आठवीपासून कार्यानुभवाला मुलींना विणकाम आणि मुलांना सुतारकाम असायचं. (ही वाटणी कुणी केली होती देव जाणे. वर्गातल्या दोन-तीन मुलांचे हात माझ्यापेक्षा बरे चालले असते.) आठवड्यातला शेवटचा तास, दहा नंबरच्या सुया, लोकरीचे गुंडे आणि शिवणाच्या बाई.

बाईंचा पहिला नियम म्हणजे नमुना विणल्याशिवाय स्वेटरचे टाके घालायचे नाहीत. पाचेक इंचांचा चौकोनी तुकडा विणायचा, धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि कडेचे टाके सोडून मधोमध पट्टी ठेवून मोजायचे. माझा हात घट्ट, बाकावरच्या शेजारणीचा सैल. सुया त्याच, लोकर तीच, पण तिचे इंचाला पाच टाके बसायचे आणि माझे सहा. म्हणजे शंभर टाक्यांची पाठ तिची वीस इंच, तर माझी जेमतेम पावणेसतरा. गणिताच्या तासाला त्रैराशिक ज्यांना कधी जमलं नाही, त्यांना ते इथे जमलं.

मग सूत्रं आली. शिवणकामात चालतात तीच बाईंनी फळ्यावर लिहिली. गळारुंदी (मधल्या रेषेपासून एका बाजूची) म्हणजे छातीचा बारावा भाग, वगैरे. ती पाठ करायला सोपी होती, आम्ही केलीही. पण लगेच बाईंनी सांगितलं, "सूत्र फळ्यावर राहू दे. घरी जा आणि सगळ्यांना टेप लावून या." आई, आजी, काकू, धाकटी बहीण, शेजारच्या मावशी, जे सापडेल ते माणूस.

ही मापं बाई एका लांबट वहीत उतरवायच्या. एका ओळीला एक माणूस, आणि रकाने छाती, खांदा ते खांदा, मुंढ्याची (म्हणजे बाही जोडतात त्या भागाची) खोली, गळा, दंड, मनगट असे. ओळी छातीच्या मापाने चढत्या क्रमाने लावलेल्या. सूत्राने आलेला आकडा शाईने, आणि टेपने वेगळा दाखवला तर शेजारी लाल पेन्सिलीने. वही उघडली की मधली पानं बरीचशी निळी दिसायची. बत्तीस ते अडतीस छातीपर्यंत सूत्र आणि टेप यांचं बरं जमायचं. पुढच्या पानांवर मात्र लालच लाल. आमच्या आजीची ओळ तर जवळजवळ सगळी लाल होती. तिला ते दाखवल्यावर ती म्हणाली, "नापास झाले म्हण की!"

आज मी जे काम करते ते त्या लाल आकड्यांचंच आहे. परदेशातली एखादी डिझायनर एका मापाचा स्वेटर विणते, आणि मी त्याचे बाकीच्या मापांचे आकडे काढून देते. या धंद्यात त्याला ग्रेडिंग म्हणतात. अमेरिकेतल्या क्राफ्ट यार्न कौन्सिलचा मापांचा तक्ता आम्ही पायाला धरतो. त्यात बायकांची एक्स्ट्रा स्मॉलपासून फाइव्ह एक्सपर्यंत नऊ मापं आहेत. तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला बाईंची वहीच आठवली. छाती ३६ इंच असेल तर खांदा ते खांदा साडेपंधरा. छाती ६० झाली तरी तेच माप साडेअठराच्या वर जात नाही. घेर २४ इंचांनी वाढला आणि खांदे फक्त तीन इंचांनी.

आता बारावा भाग लावून बघा. साठाला पाच, दोन्ही बाजू मिळून दहा इंचांचा गळा. साडेअठरातून दहा गेले, उरले साडेआठ. म्हणजे एका खांद्याला सव्वाचार इंच, आणि छत्तीसवालीला पावणेपाच! जाड बाईचा खांदा बारीक बाईपेक्षा अरुंद. असा स्वेटर घातला की पहिल्या नमस्कारालाच खांद्यावरून घसरतो. बाजारातले मोठ्या मापाचे कपडे घालणाऱ्या बायका सारख्या गळा मागे ओढत असतात, त्यामागे बहुतेक वेळा असलंच गणित असतं. दोष अंगाचा नसतो. अशा बायकांना ट्रायल रूममधून पडलेल्या चेहऱ्याने बाहेर येताना पाहिलं की मला अजूनही राग येतो.

मुंढ्याचं दुखणं त्याहून मोठं. चार इंचांत २२ टाके आणि ३० ओळी बसतात असं धरू, अंगात दोन इंच सैल ठेवू. छाती ३४ असेल तर पाठीला, म्हणजे निम्म्या घेराला, ९९ टाके, खांद्यापाशी हवेत ८३. एका बाजूचे आठ टाके घटवायचे आणि त्यासाठी हाताशी बावन्नेक ओळी. आरामात होतं. छाती ६२ ला पाठीचे १७६, खांद्यापाशी १०२. एका बाजूला ३७ टाके जायला हवेत आणि ओळी सुमारे ७८. इथे छोट्या मापाची सूचना नुसती ताणून चालत नाही. पहिल्या फटक्यात बाराएक टाके बंद करायचे आणि मग ओळीला एक असे घटवत जायचं, तेव्हा कुठे काखेत गोळा होत नाही.

त्यात नक्षी असली की आणखी मजा. आठ टाक्यांची नक्षी आणि एक जादा, असं बसवायचं तर ९७, १०५, ११३ एवढेच आकडे चालतात. चाळीस छातीला हवेत साधारण ११५. अशा वेळी नक्षीचे ११३ मधे ठेवायचे आणि दोन्ही कडांना एकेक साधा टाका द्यायचा. शिवणीत तो दिसतही नाही. हे मात्र मी कुठल्या तक्त्यातून शिकले नाही. बाई म्हणायच्या, "कडेला साधे टाके ठेवा ग, नक्षीला श्वास घ्यायला जागा हवी." नक्षीचं मला माहीत नाही, पण ग्रेडिंग करणारीला तेवढी जागा लागतेच.

विणकामाची ती खोली आता संगणककक्ष झाली आहे असं कळलं. उत्तमच झालं, कारण हे सगळं काम मी हल्ली एक्सेलमध्येच करते. एका रकान्यात छाती टाकायची, दुसऱ्यात नमुन्याचे टाके, बाकीचं सूत्राने भरतं आणि लाल रंग देण्याचं काम संगणक करतो. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात नववीच्या मुलामुलींसाठी, हो, मुलांसाठीसुद्धा, असे चार-सहा तास ठेवता आले तर मी यायला तयार आहे. सुया आणि लोकर माझ्याकडून. टेप ज्याने त्याने घरून आणावा, आणि आजीचं माप घेऊनच यावं.