साताऱ्याचा नकाशा, नोंद चौथी: किल्ल्यांना लिंक लागल्या

मागच्या वेळी नकाशा काढून झाला होता. जिल्ह्याची हद्द, कृष्णा, कोयना, शिवसागर जलाशय आणि १४ किल्ल्यांचे १४ त्रिकोण, सगळं पायथॉन आणि रिपोर्टलॅब (पायथॉनमधून पीडीएफ बनवणारी लायब्ररी) यांतून. आता एकच काम उरलं होतं: त्रिकोणावर टिचकी मारली की त्या किल्ल्याचं विकिपीडियाचं पान उघडायचं. एका रविवारचं काम समजलो. तीन रविवार गेले.

पहिल्या फाइलमध्ये एकाही त्रिकोणाला काही होईना. पण पानाच्या डावीकडे तळाशी, अगदी कोऱ्या कोपऱ्यात, माऊसचा हात झाला. टिचकी मारली तर वर्धनगड! यादीत तो शेवटचा होता, तेव्हा शंका आली.

पीडीएफमध्ये आकाराला लिंक लागतच नाही. त्रिकोण पानाच्या चित्रात असतो आणि लिंक म्हणजे त्यावर वेगळी ठेवलेली, न दिसणारी चौकट. मी ‘ट्रान्सलेट’ने आरंभबिंदू किल्ल्यापाशी नेऊन शून्याभोवती त्रिकोण काढत होतो. चित्र त्याप्रमाणे सरकतं, चौकट सरकत नाही. ती पानाच्या मूळ मापातच मोजली जाते, इंचाला ७२ पॉइंट. म्हणून चौदाच्या चौदा किल्ले कोपऱ्यात एकावर एक. लिंक जोडणाऱ्या ‘लिंकयूआरएल’ला ‘रिलेटिव्ह’ १ दिलं, म्हणजे चौकटही सरकलेल्या आरंभबिंदूपासून मोज असं सांगितलं, आणि सगळे आपापल्या डोंगरावर जाऊन बसले.

खरा छळ शिवसागरने मांडला; त्यालाही लिंक द्यायची होती. चौकट म्हणजे चौकटच, तिला तिरकेपणा ठाऊक नाही. लांबलचक, फाटे फुटलेल्या जलाशयाला एकच चौकट दिली तर तिच्यात पाण्यापेक्षा जंगलच जास्त येतं. वासोट्याचा त्रिकोण काठालाच, त्यामुळे अर्धा आत गेला. वासोट्यावर टिचकी मारली की जलाशय उघडायचा. (बामणोलीहून लाँचने गेलेले म्हणतील, बरोबरच आहे, आधी पाणीच लागतं.) पीडीएफ १.६ पासून ‘क्वाडपॉइंट्स’ची सोय आहे, तिरक्या चौकोनांची. पण ती न जुमानणारे वाचक (पीडीएफ उघडणारी ॲप) भेटतात, म्हणून मी तो नाद सोडला. जलाशयाचे नऊ आडवे पट्टे कापले, प्रत्येकाला स्वतःची चौकट आणि सगळ्यांना एकच पत्ता. वासोट्याची लिंक त्यांच्यानंतर जोडली. माझ्याकडच्या तिन्ही वाचकांत शेवटची चौकट वर राहते.

मोबाइलवर आणखी एक खोड कळली. त्रिकोण १२ पॉइंटांचा, म्हणजे जेमतेम सव्वाचार मिलिमीटर, तेही पूर्ण ए-४ पानावर. फोनच्या पडद्यावर बोटाला काय सापडणार? त्रिकोण तेवढाच ठेवून चौकट ३० पॉइंटांची केली. चंदन-वंदन मात्र एकमेकांना इतके चिकटून की चौकटी भांडायला लागल्या. शेवटी जोडकिल्ल्यांना एकच लिंक दिली. जाणारे दोन्ही एकाच दिवशी करतात, तेव्हा कुणाची तक्रार येईल असं वाटत नाही.

पत्त्यात देवनागरी तशीच टाकू नका; पायथॉनच्या ‘क्वोट’ने टक्केवाल्या खुणांत बदलून घ्या. माझ्या एका वाचकात त्याशिवाय पान उघडेना.

नावं अजून चित्र म्हणूनच चिकटवतोय. सरळ लिहायला गेलं की सज्जनगडातला ‘ज्ज’ पाय मोडून बसतो आणि अजिंक्यताऱ्याची वेलांटी ‘ज’च्या उजवीकडे पडते. पुढच्या रविवारी हार्फबझ (जोडाक्षरं, वेलांट्या नीट जुळवणारी लायब्ररी) बसवून बघणार आहे.